पाठमोरी

– तृतीय वर्ष, स्थापत्य (मुलींचे वसतिगृह)

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी-नाइन की एटी-नाइन हे मला अजूनही मनात मोजून ठरवावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, तिथे मी नाणं उडवते. त्यामुळे मी मराठी विभागाला लेख देते म्हटल्यावर संपादक मंडळातल्या ताईने "अगं, इंग्लिश सेक्शनला दे ना, तिकडे जागा रिकामीच आहे" असं दोनदा सुचवून पाहिलं. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता. का, ते शेवटी कळेलच.

गोष्ट गेल्या वर्षीची. तिसऱ्या सेमिस्टरची ओरल दोन दिवसांवर आलेली आणि बिल्डिंग मटेरियल्सचं पुस्तक लायब्ररीत एकही शिल्लक नाही. (तुम्ही सगळ्यांनी ते आधीच नेलेलं असतं, हे मला माहीत आहे.) लायब्ररीच्या काकांनी "शेवटच्या कपाटात बघ, कुणी चुकून तिकडे ठेवलं असेल" म्हणून पिटाळलं. त्या कपाटावर 'इतर' अशी चिठ्ठी आहे. अर्ध्या कपाटात जुनी गाइडं, अर्ध्या कपाटात देणगीत आलेली पुस्तकं. त्यांत एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं चित्रकलेचं पुस्तक होतं. मागची तारखांची चिठ्ठी कोरी. म्हणजे आल्यापासून ते कुणी खोलीवर नेलेलंच नव्हतं.

मी उभ्या उभ्या चाळायला लागले. एका पानाच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढं एक चित्र दिसलं. चर्चमध्ये बसलेल्या बायका, सगळ्या पाठमोऱ्या. टोप्या, कोट, खांदे. एकीचाही चेहरा नाही. रंग म्हणाल तर चार-पाच, तेही धुऊन विटल्यासारखे. करडा, तपकिरी, मळकट निळा. खाली नाव होतं, ग्वेन जॉन, 1876–1939.

मला एकदम हसू आलं. कारण हे चित्र मी पाचवीत असताना काढलेलं होतं!

आमच्या शाळेच्या आवारात सिस्टर्सचं छोटंसं चॅपेल होतं. आम्हा मुलींना प्रार्थनेची सक्ती नव्हती. पण आमची रिक्षा उशिरा यायची आणि पावसाळ्यात व्हरांड्यात पाणी यायचं, म्हणून आम्हा चार-पाचजणींना चॅपेलच्या शेवटच्या बाकावर बसायची परवानगी होती. अट एकच, आवाज करायचा नाही. समोर सिस्टर्सची संध्याकाळची प्रार्थना चालायची. आम्हाला दिसायच्या त्या फक्त त्यांच्या पाठी. दहा मिनिटांत कंटाळा यायचा. मग मी रफ वही काढायची आणि जे समोर आहे ते काढत बसायची. डोक्यावरच्या वेलचा त्रिकोण, खांदे, बाकाची आडवी फळी, संपलं चित्र. पण रोज बघून बघून मला एक कळलं होतं, मागून सगळ्या सिस्टर्स सारख्या दिसत नाहीत. हेडमिस्ट्रेस सिस्टरचा डावा खांदा थोडा उतरलेला असायचा. सगळ्यांत म्हाताऱ्या सिस्टरची मान पुढे आलेली. नव्याने आलेल्या सिस्टरचा वेल सारखा सरकायचा आणि ती तो डाव्या हाताने सारखा करायची.

एक दिवस पकडले गेले. हेडमिस्ट्रेस सिस्टरनी वही घेतली, पानं उलटली. मला वाटलं, आता डायरीत रिमार्क आणि उद्या आई शाळेत. त्यांनी एवढंच विचारलं, "व्हाय नो फेसेस?"

मी म्हटलं, "सिस्टर, यू आर ऑल लुकिंग देअर."

त्या हसल्याही नाहीत आणि रागावल्याही नाहीत. वही मात्र त्यांच्याकडे राहिली ती राहिलीच. वर्षाच्या शेवटी मार्कशीटबरोबर परत मिळाली. एका चित्राखाली पेन्सिलीने बारीकशी टिक केलेली होती. डावा खांदा उतरलेल्या चित्राखाली.

तेव्हा ही ग्वेन जॉन कोण, हे शोधल्याशिवाय मला राहवेना. ओरलचं काय झालं ते विचारू नका. पण पुढचे दोन महिने मेसच्या रांगेत, बसस्टॉपवर, फ्लुइड मेकॅनिक्सच्या लेक्चरला (सर, सॉरी) मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत होते.

ग्वेनचा जन्म 22 जून 1876 चा, वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट गावचा. आई हौसेने जलरंगात चित्रं काढायची, पण ग्वेन आठ वर्षांची असताना ती गेली. पाठचा भाऊ ऑगस्टस, दीडेक वर्षाने धाकटा. दोघंही लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकले. ग्वेन 1895 ते 1898 तिथे होती. भाऊ कसा होता म्हणाल, तर आपल्याकडे असतात ना, गॅदरिंगच्या पहिल्याच दिवशी सगळ्या कॉलेजला माहीत होणारे, तसा. लवकरच तो मोठा नावाजलेला चित्रकार झाला आणि ती झाली 'ऑगस्टस जॉनची बहीण'. गंमत म्हणजे पुढे तोच म्हणाला होता, की पन्नास वर्षांनी लोक मला ग्वेनचा भाऊ म्हणून ओळखतील. आज ते बऱ्यापैकी खरं झालं आहे.

1898 मध्ये ती पॅरिसला व्हिस्लर या प्रसिद्ध चित्रकाराकडे शिकायला गेली. भावाने तिथे जाऊन व्हिस्लरला म्हटलं, माझ्या बहिणीच्या चित्रांत माणसांचा स्वभाव छान उतरतो. व्हिस्लरने त्याला उडवूनच लावलं. स्वभाव वगैरे काही नसतं, तुझ्या बहिणीला टोनची जाण आहे, महत्त्व त्याला आहे, असं तो म्हणाला. ही आठवण ऑगस्टसनेच लिहून ठेवली आहे. टोन म्हणजे रंग नव्हे. टोन म्हणजे तो रंग किती उजळ आणि किती गडद. मोबाइलवर फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की जे उरतं ना, ते. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

1903 मध्ये ही बाई डोरेलिया नावाच्या मैत्रिणीबरोबर बोटीने फ्रान्सच्या बोर्दो बंदरात उतरली आणि दोघी तिथून रोमला पायी जायला निघाल्या! वाटेत लोकांची चित्रं काढून द्यायची आणि त्यावर पोट भरायचं. रोम काही गाठलं नाही, तुलूझपर्यंत पोचल्या आणि 1904 मध्ये पॅरिसला आल्या. आम्हाला साडेआठनंतर बाहेर राहायचं तर रेक्टर मॅडमची सही लागते, त्यामुळे हा भाग मी आमच्या विंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवला होता.

पॅरिसमध्ये ती पोटासाठी चित्रकारांकडे मॉडेल म्हणून बसायची. रोदँ या महान शिल्पकाराकडेही बसली आणि त्याच्या प्रेमात पडली. तो तिच्यापेक्षा पस्तीस-छत्तीस वर्षांनी मोठा. तिने त्याला सुमारे 2000 पत्रं लिहिली. प्रेम हळूहळू एकतर्फी होत गेलं. 1911 मध्ये ती पॅरिसजवळच्या मदाँ गावात राहायला गेली. सोबतीला मांजरी. 1913 मध्ये तिने कॅथलिक पंथ स्वीकारला.

आणि इथे माझी कॉन्व्हेंटची शाळा परत आली. मदाँला नन्सचं एक कॉन्व्हेंट होतं. त्यांच्या संघाच्या संस्थापिका मेर पूसपँ या सतराव्या-अठराव्या शतकातल्या. नन्सनी ग्वेनला सांगितलं, आम्हाला आमच्या संस्थापिकेचं चित्र करून दे, कॉन्व्हेंटच्या प्रत्येक खोलीसाठी एक. मला हे वाचून इतकं बरं वाटलं! आमच्याही शाळेत प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर संस्थापिकांचा फोटो असायचा, आणि गणिताच्या पेपरला त्या आपल्याकडेच बघताहेत असं वाटायचं. दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईचं चित्र काढायचं कशावरून? तर नन्सजवळच्या छोट्या प्रार्थनेच्या कार्डावरून. ग्वेनने 1913 च्या सुमारास सुरुवात केली आणि पुढची सातेक वर्षं ती तेच चित्र पुन्हा पुन्हा करत राहिली. निदान सहा चित्रं तरी आज माहीत आहेत. आपलं सबमिशन सात दिवस उशिरा झालं तर जर्नलवर लाल शेरा येतो. तिने सात वर्षं लावली आणि जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी ती चित्रं ठेवून घेतली.

ती चित्रं तैलरंगातली. पण त्याच काळात, त्याच गावात ती दुसरंही एक काम करत होती, आणि मी काडेपेटीएवढं पाहिलं ते त्यातलंच. ती रोज चर्चला जायची, मागे बसायची आणि पुढे बसलेल्या माणसांची रेखाटनं करायची. गावातल्या बायका, नन्स, नन्स सांभाळत त्या अनाथ मुली. घरी येऊन त्यांत जलरंग भरायची, बऱ्याचदा गुवाश, म्हणजे पोस्टर कलरसारखा अपारदर्शक जलरंग. कागद छोटे. एकदा चित्र झालं की तेच चित्र पुन्हा, थोडे टोन बदलून, आणि पुन्हा, आणि पुन्हा. संत तेरेझचा एक लहानपणीचा फोटो आहे, बहिणीबरोबरचा. त्यावरून तिने तेच छोटंसं चित्र कितीतरी वेळा केलं. आणि आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे तिच्या वह्यांमध्ये टोनला नंबर दिलेले आहेत. रस्त्याला एक आकडा, छपराला दुसरा, काळ्या कोटाला तिसरा. अगदी आपल्या ऑब्झर्वेशन टेबलसारखं!

तिला मॉडर्न का म्हणतात, हा प्रश्न मलाही पडला होता. मॉडर्न म्हणजे तोडमोड, भडक रंग, डोळे एकीकडे आणि नाक दुसरीकडे, अशी माझी समजूत. 1913 मध्ये न्यूयॉर्कला आर्मरी शो नावाचं प्रदर्शन झालं, ज्याने अमेरिकेत आधुनिक चित्रकलेवरून केवढा गदारोळ झाला. त्या प्रदर्शनात ग्वेनचंही एक चित्र होतं, खिडकीशी उभी राहून वाचणारी मुलगी. जॉन क्विन नावाच्या न्यूयॉर्कच्या वकिलाने ते घेतलेलं होतं. 1924 मध्ये तो जाईपर्यंत तो तिला दर वर्षी पैसे पाठवायचा आणि चित्रं मागायचा. तिची चित्रं गदारोळ करणारी नव्हती. पण नीट बघितलं तर तिने चित्रातून काय काय काढून टाकलंय ते दिसतं. गोष्ट नाही, खोली नाही, सजावट नाही, आणि चर्चमधल्या चित्रांत तर चेहरासुद्धा नाही. उरतात पाच-सहा सपाट टोन आणि त्यांतून बसलेलं एक माणूस.

आता, पाठमोऱ्या चित्राला पोर्ट्रेट म्हणायचं का? फर्स्ट इयरला ग्राफिक्सच्या सरांनी शिकवलं होतं, फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू. मी विचारलं होतं, सर, मागचा व्ह्यू? सर म्हणाले, पुढून जे कळत नाही ते मागून कळणार असेल तरच काढायचा, उगाच नाही. मला वाटतं ग्वेन जॉनच्या चित्रांबद्दल याहून चांगलं कुणी काही सांगू शकणार नाही.

इथपर्यंत हा लेख मी इंग्रजीत पण लिहू शकले असते. आता पुढचं.

फर्स्ट इयरला माझी जी रूममेट होती ती एका तालुक्याच्या गावाहून आलेली. मराठी माध्यम, दहावीला शाळेत पहिली. नाव देत नाही, तिने तशी अट घातली आहे. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती मॅथ्सचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. 'डिटरमाइन' असं वाचलं तिने. मी हसले. मनात काही वाईट नव्हतं हो, पण हसले. बरोबर उच्चार सांगितला. नंतर शेजारच्या खोलीतल्या मुलींना तो किस्सा सांगितला, तिच्यासमोरच. तीही हसली होती.

त्यानंतर वर्षभरात तिने मला अभ्यासातली एकही शंका विचारली नाही. माझ्या हे लक्षातही आलं नाही. उलट मी घरी फोनवर सांगायचे, माझी रूममेट काय सिन्सिअर आहे! रात्री नऊ ते एक ती टेबल लॅम्प लावून भिंतीकडे तोंड करून बसायची. मी माझ्या कॉटवर पडून तिचं चित्र काढायचे. पाचवीतली सवय. स्वस्तातले केकचे रंग, मेसमधून आणलेल्या ग्लासात पाणी. तिची वेणी, लॅम्पचा पिवळा डाग, टेबलावर उघडं पुस्तक. वर्षात 41 चित्रं झाली. जर्नलच्या सवयीने प्रत्येकावर तारीख टाकलेली.

निकाल लागला आणि ती वायडी झाली. सुट्टीनंतर मी हॉस्टेलला परत आले तेव्हा तिची कॉट रिकामी होती. गादीसुद्धा नाही. वडील येऊन ट्रंक घेऊन गेले असं मेसच्या मावशींनी सांगितलं. मी दोन-तीन मेसेज केले, "काळजी करू नकोस, होईल सगळं" या छापाचे. तिने अंगठा पाठवला. मग नवीन रूममेट आली, आणि खरं सांगते, मी विसरले.

ते ग्वेन जॉनचं पुस्तक सापडलं तेव्हा मी माझी जुनी चित्रं बाहेर काढली, आपली आणि तिची तुलना करायला. तेवढा गर्व तेव्हा होता. तारखांप्रमाणे कॉटवर मांडली. ऑगस्ट-सप्टेंबरमधली पाठ ताठ होती. उजवा कोपर बाहेर, म्हणजे ती लिहीत होती. नोव्हेंबरपासून कोपर दिसेना, दोन्ही हात मांडीवर. खांदे प्रत्येक चित्रात थोडे थोडे खाली. आणि जानेवारीनंतरच्या चित्रांत टेबलावरच्या उघड्या पुस्तकाचं पान दिसत होतं. डाव्या पानावर एक शंकू, तिरक्या रेघेने कापलेला. ग्राफिक्समधला शंकूच्या छेदाचा चॅप्टर. पुढच्या चित्रातही तोच शंकू. त्याच्या पुढच्याही. मी मोजलं. 11 चित्रांत तेच पान उघडं होतं.

म्हणजे ती अभ्यास करत नव्हती. ती त्या पानासमोर नुसती बसून होती. आणि मी मागे पडून तो शंकू 11 वेळा काढला, लॅम्पचा प्रकाश पानावर कसा पडतो तो टोनसुद्धा बरोबर पकडला, आणि एकदाही उठून विचारलं नाही की अगं, तू याच पानावर का आहेस?

काही दिवस मला ग्वेन जॉनचाच राग आला. म्हटलं, ही बाई पण माझ्यासारखीच. मागे बसायचं, लोकांच्या पाठी काढायच्या, आणि आपलं घरी जायचं. याला जाण म्हणायचं का?

मग पुढचं वाचलं. मदाँमध्ये तिच्या शेजारी व्हेरा उमान्सोफ नावाची बाई राहायची, तत्त्वज्ञ जाक मारितँ यांची मेहुणी. 1920 च्या दशकाच्या शेवटी ग्वेनला तिचा फार लळा लागला. ती तिला दर सोमवारी एक छोटं चित्र नेऊन द्यायची. चर्चमधली माणसं, मुली, मांजरी, जे त्या आठवड्यात काढलं असेल ते. तिला लिहिलेल्या एका पत्रात ग्वेन म्हणते, त्याचा अर्थ असा, की मलाही इतरांसारखी प्रार्थना करायला आवडते, पण माझं मन फार वेळ प्रार्थनेत टिकत नाही. ती पांढऱ्या फितींच्या काळ्या टोप्या घातलेली अनाथ मुलं मला मोहात पाडतात, आणि हे बघणं मी तोडून टाकलं तर माझ्या आयुष्यात पुरेसा आनंद उरणार नाही. हे वाचून मला आमचं चॅपेल आठवलं, आणि ती टिक.

व्हेराला मात्र हा लळा जड झाला. भेट फक्त सोमवारी, असं तिनेच ठरवून दिलेलं होतं, आणि पुढे तेही थांबलं. म्हणजे ग्वेनला तरी माणसांशी सगळं जमलं असं कुठे आहे? पण निदान ती उठून दार वाजवायची. चित्र हातात ठेवायची. मी तर वही बंद करून झोपायचे.

मी त्या 11 पैकी एक चित्र काढलं आणि त्याच्या मागे पत्र लिहिलं. मराठीत, कारण आता तिला इंग्रजीत लिहायची मला लाज वाटली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवता आला असता, पण निळी टिक येऊन उत्तर आलं नाही तर काय करायचं, ही भीती होती. म्हणून पोस्टाने. लिहिलं, की तुझं हे पान मी 11 वेळा काढलं आणि एकदाही विचारलं नाही. त्या दिवशी हसले होते त्याबद्दल सॉरी. आणि विचारलं, की मी अजून पत्र पाठवलं तर चालेल का? व्हेराचं वाचलेलं होतं ना, म्हणून आधी विचारलं.

बारा दिवसांनी पाकीट आलं. आत माझंच पत्र, परत! लाल पेनाने 14 चुका गोल करून दुरुस्त केलेल्या. खाली शेरा : "14 चुका. नापास. तुलासुद्धा वायडी." आणि त्याखाली, "पुढच्या वेळी चेहरा काढ. समोरून मी बरी दिसते."

मी ते पत्र वाचून किती वेळ हसत होते आणि किती वेळ रडत होते ते नव्या रूममेटला विचारा.

मग फोन झाला. ती म्हणाली, त्या पानावरचं मला ओ की ठो कळत नव्हतं. तुला विचारलं असतं तर तू परत उच्चारच सांगितला असतास. मी गप्प. मग ती म्हणाली, "तू मागे काहीतरी काढत असायचीस ते मला माहीत होतं. ब्रश ग्लासात बुडवल्याचा आवाज यायचा. तो आवाज असला की बरं वाटायचं गं. खोलीत कुणीतरी जागं आहे म्हणून."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी तेव्हापासून यावर विचार करते आहे. माझं बघणं अगदीच वाया गेलं नव्हतं, पण पुरलंही नव्हतं. दोन्ही खरं आहे. मी फक्त तीन पावलं उठून जायला हवं होतं.

ग्वेन जॉनचा शेवट सांगायचा राहिला. 3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीशी युद्ध जाहीर केलं. त्याच महिन्यात ती समुद्राकाठच्या दिएप गावी गेली आणि तिथे कोसळली. 18 सप्टेंबरला गेली, वयाच्या 63 व्या वर्षी. बरोबर सामान नव्हतं. मांजरींची सोय मात्र ती करून आली होती. हयातीत तिचं एकटीचं प्रदर्शन झालं ते एकदाच, 1926 मध्ये लंडनला. आज वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात, कार्डिफला, तिची 900 हून अधिक रेखाटनं आणि जलरंगचित्रं आहेत. चर्चमधल्या त्या पाठीही त्यांत आहेत. ज्यांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत त्या बायकांच्या टोप्या, माना, खांदे कुणीतरी इतक्या वेळा नीट बघितले, म्हणून ते शिल्लक राहिले.

माझी रूममेट विषय काढून यंदा सेकंड इयरला परत आली आहे. खोली वेगळी मिळाली, तिची पहिल्या मजल्यावर, माझी तिसऱ्या. ज्या ज्युनियर मुलींना ग्राफिक्स कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, शंकूचे छेद आम्ही शेवटी मेसमधल्या गाजरांवर शिकलो. मावशींनी सुरी दिली. आडवं कापलं की वर्तुळ, तिरकं कापलं की लंबवर्तुळ, उतारणीला समांतर कापलं की पॅराबोला. अर्ध्या तासात तिला कळलं. एक वर्ष आणि अर्धा तास! उरलेल्या गाजरांची कोशिंबीर झाली. त्या बदल्यात ती मला दर रविवारी एकोणतीस ते एकोणनव्वद पाठ करायला लावते.

तुमच्याही खोलीत रात्री कुणीतरी टेबलाशी पाठमोरं बसलेलं असेल. सिन्सिअर आहे म्हणून सोडून देऊ नका. एकदा उठून पान बघा. स्टाफमधल्या सर-मॅडमना एवढंच सांगायचंय, शेवटच्या बाकावर कुणी वहीत काही काढत असेल तर वही जप्त करा, पण आधी एकदा बघा.

या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासलेत. पहिल्या मसुद्यात 63 चुका होत्या. म्हणजे त्रेसष्ट, हे मी न मोजता सांगितलं, नोंद घ्यावी. तिचा चेहरा काढायचा प्रयत्न चालू आहे. नाक अजून जमत नाही. ती म्हणते, घाई नाही, सात वर्षं लाव.